जॉर्जियन बटणांवर चौकोन येतायत? फॉन्ट बदलण्याआधी अक्षराचा कोड बघा

प्रॉब्लेम साधारण असा असतो. साइट किंवा ॲप जॉर्जियन भाषेत आहे, आतला मजकूर व्यवस्थित दिसतो, फॉर्ममध्ये टाइप केलेलंही व्यवस्थित, पण बटणं, मेनू, टॅबची नावं, टेबलचं हेडिंग एवढ्याच ठिकाणी ओळीने रिकामे चौकोन. बरं सगळ्यांना दिसतात असंही नाही, डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ठीक, टेस्टिंगवाल्यांकडे ठीक, आणि तिबिलिसीत बसलेल्या युजरच्या जुन्या फोनवर चौकोनच चौकोन. मग कोणीतरी फॉन्ट बदलतं, तक्रारी थांबतात, तिकीट बंद होतं, आणि पुढे एखादं नवं पान आलं की परत तेच सुरू.

परत परत येतं कारण दरवेळी इलाज फॉन्टवर होतो. फॉन्टचा दोष असतो, नाही असं नाही, पण तो शेवटचा टप्पा. त्याच्या आधी एक गोष्ट घडलेली असते ती कोणी बघत नाही: तुम्ही फाइलीत लिहिलेलं अक्षर आणि पडद्यावर पोचलेलं अक्षर ही दोन वेगळी अक्षरं आहेत, मधे कुठेतरी कोडच बदललाय.

आपल्या लोकांना हे पटकन लक्षात येत नाही याचं कारण सरळ आहे. देवनागरीला कॅपिटल-स्मॉल हा प्रकार नाही. मराठी साइटवर सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणारा कोड) टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अपरकेस लावलं तरी मराठी शब्दाला काही होत नाही, म्हणून आपण ते टेस्टच करत नाही आणि डोक्यात बसलेलं असतं की इंग्रजी, ग्रीक, रशियन सोडलं तर बाकी लिपींना अपरकेसचं काही घेणंदेणं नाही. जॉर्जियनच्या बाबतीत हे खरंही होतं, २०१८ पर्यंत. त्या वर्षी जूनमध्ये युनिकोडची (प्रत्येक अक्षराला कोड देणारं जगभरचं मानक) ११.० ही आवृत्ती आली आणि जॉर्जियनच्या रोजच्या अक्षरांना अपरकेसची जोडी मिळाली. तेव्हापासून तीच सीएसएसची ओळ, तोच मजकूर, पण निकाल वेगळा. जुना कोड कोणी हातही न लावता बिघडला असं वाटतं ते यामुळे.

आता अक्षराकडे येऊ. जॉर्जियन वर्णमालेचं पहिलं अक्षर "अन", उच्चार आपल्या "अ"च्या जवळचा. रोजच्या वापरात वर्णमालेत ३३ अक्षरं आहेत. पण युनिकोडमध्ये या एका "अन"चे कोड चार आहेत, आणि अर्धा गोंधळ इथेच आहे. रोजची लिपी म्हणजे म्खेद्रुली, तिच्यातला "अन" म्हणजे यू+१०डी० (यू+ नंतरचा आकडा सोळाच्या पायाचा). मग म्तावरुली, म्हणजे याच म्खेद्रुलीचं मोठ्या उंचीचं रूप, पाट्यांवर, मथळ्यांत वापरतात, सगळी अक्षरं वरच्या-खालच्या दोन रेघांमध्ये समान बसतात, तिच्यातला "अन" यू+१सी९०. मग आसोम्तावरुली, सगळ्यात जुनी, बोलनिसीच्या पाचव्या शतकातल्या चर्चवरच्या शिलालेखांत दिसते ती, तिच्यातला यू+१०ए०. आणि नुस्खुरी, पोथ्यांची लिपी, तिच्यातला यू+२डी००. आसोम्तावरुली आणि म्खेद्रुली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून म्हणजे १९९१ पासून आहेत, नुस्खुरी २००५ मध्ये ४.१ ला आली, म्तावरुली २०१८ मध्ये. शेवटच्या दोन प्राचीन लिपी मेलेल्या नाहीत हं, जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्च आजही वापरतं, आणि तिन्ही लिपींची जिवंत परंपरा म्हणून २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झालीय. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण खाली एका ठिकाणी याच लिपींचा मजकूर नकळत खराब होऊ शकतो.

युनिकोडमधली नावंही फसवतात. यू+१०ए० चं अधिकृत नाव "जॉर्जियन कॅपिटल लेटर अन" आहे, आणि नाव वाचून कोणालाही वाटेल की रोजच्या अक्षराचं कॅपिटल हेच. नाही. ते आसोम्तावरुली आहे, आजच्या बटणावर ते टाकलं तर युजरला थेट चर्चची लिपी दिसते. तसंच "जॉर्जियन स्मॉल लेटर अन" म्हणजे नुस्खुरी. रोजच्या अक्षराच्या नावात ना कॅपिटल ना स्मॉल, फक्त "जॉर्जियन लेटर अन". आणि म्तावरुलीचं नाव "जॉर्जियन म्तावरुली कॅपिटल लेटर अन". हाताने टेबल बनवून कन्व्हर्जन लिहिणाऱ्यांनी हे चार नीट बघून घ्या.

तर चौकोन येतात कसे. ब्राउझर स्वतःसोबत युनिकोडची माहिती घेऊन येतो, कुठल्या अक्षराचं अपरकेस काय हे त्यालाच माहीत असतं. फॉन्ट मात्र बहुतेक वेळा सिस्टिमचा. ब्राउझर अपडेट झालेला, त्याला युनिकोड ११ कळतं, तो इमानदारीत "अन"चं म्तावरुली करतो, आणि फॉन्ट २०१८ च्या आधीचा, त्यात म्तावरुलीचा आकारच नाही. झाला चौकोन. अँड्रॉइडवर तर हे हमखास होतं कारण वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेब पान दाखवणारा भाग) प्ले स्टोअरवरून अपडेट होत राहतो आणि फोनचे फॉन्ट फोन आला तेव्हाचे तसेच राहतात, म्हणून एकाच ॲपमध्ये नेटिव्ह स्क्रीनवर बटण ठीक आणि आत उघडलेल्या वेब पानावर चौकोन असं दिसतं. नेटिव्ह बाजूला सिस्टिमचं युनिकोडही जुनं, फॉन्टही जुना, दोघांचं जमतं. मटेरियल डिझाइनच्या जुन्या स्टाइलमध्ये बटणांचं लेखन आपोआप कॅपिटल होतं, त्यामुळे तुम्ही स्वतः अपरकेस कुठे लिहिलेलंच नसतं आणि शोधून सापडत नाही.

फॉन्टबद्दल एक उदाहरण द्यायलाच हवं. डेजावू सान्स. याची २.३७ ही आवृत्ती २०१६ ची आहे, म्हणजे म्तावरुलीच्या आधीची. तो म्खेद्रुली छान दाखवतो, म्हणून लोक म्हणतात "जॉर्जियन सपोर्ट आहे की". आहे, पण अर्धा. लिनक्स सर्व्हरवर पीडीएफ किंवा ग्राफ बनवताना हाच फॉन्ट उचलला जातो, मॅटप्लॉटलिबसोबत तर तो येतोच, म्हणून हेडिंगला अपर करून छापलं की ग्राफच्या डोक्यावर चौकोनांची माळ.

तपासायचं कसं. अंदाज लावत बसू नका, अक्षराचा कोड काढा, एका मिनिटाचं काम आहे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर कोडपॉइंटॲट चालवा. ४३०४ आलं तर म्खेद्रुली, ७३१२ आलं तर म्तावरुली (हे "अन"चे दशमान आकडे आहेत, बाकीची अक्षरं पुढे क्रमाने). पायथॉन हाताशी असेल तर युनिकोडडेटा मॉड्यूलला नाव विचारा, ते वरच्या चारपैकी कुठलं ते सरळ सांगेल. इथे एक गंमत अशी की सीएसएसने बदललेलं असेल तर कन्सोलमध्ये टेक्स्टकंटेंटने (इनरटेक्स्टने नाही) पानातला मूळ मजकूर काढल्यावर तो म्खेद्रुलीच दिसणार, कारण सीएसएस फक्त दाखवताना बदलतं. म्हणजे कोड ४३०४ आणि पडद्यावर चौकोन, तर संशयित सीएसएस. कोडच ७३१२ असेल तर जावास्क्रिप्टने किंवा सर्व्हरने बदललंय, आणि ते जास्त गंभीर आहे कारण मग तो बदललेला मजकूर डेटाबेसमध्येही गेलेला असू शकतो.

सीएसएसचं काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे, जॉर्जियनसाठी अपरकेस बंदच करा, लँग (पानाची भाषा सांगणारी खूण) केए असेल तिथे टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म नन. हे लिहिल्यावरही काही होत नाही अशी तक्रार येते तेव्हा आधी एचटीएमएलचा लँग बघा, नव्वद टक्के गोंधळ तिथे म्हणणार नाही पण फार वेळा तिथे जीई लिहिलेलं असतं. जीई हा देशाचा कोड आहे, भाषेचा कोड केए. जीई लिहिलं की केएचा नियम लागतच नाही आणि ब्राउझर एररही देत नाही, गप्प बसतो.

डिझायनर हट्टाने म्हणाला की मथळे म्तावरुलीतच हवेत, तर ती मागणी चुकीची नाही, जॉर्जियातही मथळे तसे छापतातच. मग फॉन्ट स्वतः द्या, सिस्टिमवर सोडू नका. नोटो सान्स जॉर्जियनमध्ये म्तावरुली आहे. पण देताना दोन ठिकाणी हात भाजतात. एक, फॉन्ट-फेसमध्ये युनिकोड-रेंज हाताने लिहिलेली असते, १०ए० ते १०एफएफ एवढीच, म्तावरुली तर १सी९० पासून सुरू होते, मग फॉन्ट डाउनलोड झाला तरी त्या अक्षरांसाठी ब्राउझर त्याच्याकडे बघतच नाही. दुसरं, फॉन्ट हलका करायला बिल्डमध्ये सबसेटिंग चालतं, भाषांतराच्या फाइलीत जी अक्षरं आहेत तेवढेच आकार ठेवायचे. भाषांतराच्या फाइलीत सगळं म्खेद्रुलीत लिहिलेलं, म्तावरुली तर चालू पानावर तयार होते, म्हणून सबसेटिंगवाला प्रोग्राम म्तावरुलीचे आकार अनावश्यक समजून काढून टाकतो. मूळ फॉन्टमध्ये आकार आहेत, तुम्ही उघडून बघितलेत, तरी साइटवर चौकोन, असं झालं तर ९९ वेळा शोधू नका, सबसेटची यादी बघा आणि त्यात १सी९० ते १सीबीए आणि १सीबीडी ते १सीबीएफ टाका.

काही जॉर्जियन फॉन्ट वेगळा रस्ता घेतात, बीपीजी नीनो म्तावरुलीसारखे, त्यात कोड म्खेद्रुलीचाच आणि आकार म्तावरुलीचा काढलेला असतो. युनिकोड ११ च्या आधी हाच मार्ग होता आणि मथळ्यापुरता आजही चालतो, कारण मजकुराचा कोड बदलत नाही, सर्च आणि कॉपी-पेस्ट दोन्ही ठीक राहतात. मात्र अशा फॉन्टवर अपरकेस लावलात तर परत कोड बदलणार आणि परत चौकोन, म्हणून तिथेही ट्रान्सफॉर्म बंद.

आता पहिलं अक्षर कॅपिटल करणारे. हा प्रकार मला चौकोनांपेक्षा जास्त खटकतो, कारण चौकोन निदान दिसतात, हा दिसूनही कळत नाही. जॉर्जियनमध्ये वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावाच्या सुरुवातीला मोठं अक्षर लिहीत नाहीत. म्तावरुली लिहायची तर अख्खा शब्द, अख्खी ओळ. विसाव्या शतकात अकाकी शानिद्झे या भाषाशास्त्रज्ञाने आसोम्तावरुलीची अक्षरं कॅपिटल म्हणून म्खेद्रुलीत आणायचा प्रयत्न केला होता, तो रुजला नाही. युनिकोडने हे नीट पाळलंय: म्खेद्रुलीच्या अक्षराचं अपरकेस म्तावरुली, पण टायटलकेस (शब्दाचं फक्त पहिलं अक्षर मोठं करताना येणारं रूप) तेच अक्षर, बदल नाही. म्हणजे सीएसएसचं कॅपिटलाइझ निर्धोक आहे. अडचण जावास्क्रिप्टची, तिथे टायटलकेस नावाचं फंक्शनच नाही, मग सगळे पहिलं अक्षर काढतात, त्याला टूअपरकेस लावतात आणि उरलेला शब्द जोडतात. निघतो तो असा शब्द ज्याचं पहिलं अक्षर म्तावरुली आणि बाकीचं म्खेद्रुली, जॉर्जियन माणसाला तो चुकीचाच दिसतो. पायथॉनच्या ३.७ मध्ये कॅपिटलाइझही असंच करायचं, ३.८ पासून ते पहिल्या अक्षराला टायटलकेस लावतं म्हणून सुटलं. जावास्क्रिप्टमध्ये उपाय एकच, हेल्पर फंक्शनमध्ये आधी तपासा की अक्षर १०डी० ते १०एफएफ मधलं आहे का, असेल तर हात लावू नका.

सर्व्हरची बाजू. "अपग्रेड केल्यापासून काही जॉर्जियन युजरना लॉगिन होत नाही", हे ऐकलं की मी आधी विचारते की तुलना करताना दोन्ही बाजू अपरकेस करताय का. जावा ११ ला युनिकोड १० माहीत, जावा १२ ला ११. पायथॉन ३.७ पासून, गो १.१३ पासून. जुन्या व्हर्जनवर युजरनेम अपर करून ठेवलं तेव्हा जॉर्जियन नाव जसंच्या तसं राहिलं, कारण तेव्हा अपरकेस नव्हतंच. नव्या व्हर्जनवर तेच नाव अपर केलं की म्तावरुली झालं. दोन्ही जुळणार कसे? दोन सर्व्हिस वेगवेगळ्या व्हर्जनवर असतील तर तेच, एक पाठवते म्तावरुली, दुसरी शोधते म्खेद्रुली. इलाज: तुलनेसाठी अपर नाही, लोअर किंवा केसफोल्ड (तुलनेसाठी मोठ्या-छोट्या अक्षरांना एकच रूप देणं). युनिकोडमध्ये म्तावरुलीचं केसफोल्ड म्खेद्रुलीच आहे, त्यामुळे जुन्या-नव्या दोन्हींकडे म्खेद्रुली जसंच्या तसं राहतं.

डेटाबेस हे सांभाळून घेईल असं धरून चालू नका. मायएसक्यूएल ८ चं नेहमीचं कोलेशन (तुलनेचे आणि क्रमाचे नियम), ज्याच्या नावात ०९०० येतं, ते युनिकोडच्या ९.० आवृत्तीच्या नियमांवर आहे, म्तावरुली जन्मायच्या आधीच्या. त्याला केस-इनसेन्सिटिव्ह म्हणत असले तरी म्तावरुलीतला आणि म्खेद्रुलीतला एकच शब्द त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. सॉर्टिंगमध्येही हेच. एरवी जॉर्जियनचं सॉर्टिंग आपल्यापेक्षा फार सोपं, १०डी० ते १०एफ० अशी ३३ अक्षरं वर्णमालेच्याच क्रमाने लागलीत, साधी बायनरी तुलना चालते, "ळ" आणि "क्ष"सारखी भानगड नाही. पण यादीत दोनचार नावं म्तावरुलीत घुसली की ती थेट सगळ्यांच्या शेवटी.

आधीच बिघडून साठलेला डेटा दुरुस्त करायचा असेल तर गणित सोपं आहे, म्तावरुलीचा आणि म्खेद्रुलीचा फरक सगळीकडे ३००८ आहे. ७३१२ ते ७३५९ मधला कोड दिसला की ३००८ वजा. सरसकट लोअर चालवू नका, आणि मगाशी प्राचीन लिपींबद्दल बोलले ते याचसाठी. लोअरकेस केलं की आसोम्तावरुलीचं नुस्खुरी होतं, युनिकोडमध्ये त्या दोघांची जोडी लागलेली आहे. साध्या दुकानाच्या साइटवर फरक पडणार नाही, पण एखाद्या पोथीचा, शिलालेखाचा किंवा प्रार्थनेचा मजकूर असलेल्या डेटाबेसवर कोणी सरसकट लोअर मारलं तर मूळ लेख कुठल्या लिपीत होता ही माहितीच गेली, बॅकअप नसेल तर ती परत आणता येत नाही. तेवढी रेंज धरून वजाबाकी करा, बाकीच्याला हात नको.

रेजेक्सही (मजकुराचा साचा तपासणारे नियम) बघून घ्या. नावाच्या फील्डला "अन ते हाए" अशी रेंज लावलेली असते, म्हणजे १०डी० ते १०एफ०, म्तावरुलीतून आलेलं नाव तिथे "चुकीचं अक्षर" म्हणून परत जातं. आणि युनिकोड ११ मध्ये म्खेद्रुलीची कॅटेगरीही बदलली, आधी "इतर अक्षर" होती, आता "लोअरकेस अक्षर", त्यामुळे कॅटेगरीवर चालणारे पासवर्डचे नियम वगैरे व्हर्जनप्रमाणे वेगळे वागतात.

चौकोन फक्त किमतीच्या शेजारी दिसत असतील तर ती वेगळी केस. ते जॉर्जियाच्या चलनाचं, लारीचं चिन्ह, यू+२०बीई, युनिकोडमध्ये २०१५ ला आलं, फॉन्ट त्याहून जुना. अक्षरांशी संबंध नाही.

इथपर्यंत चौकोन. दुसरी मोठी तक्रार म्हणजे कचरा दिसणं, मराठी लोकांना ती ओळखीची आहे. मराठी मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) ऐवजी विंडोज-१२५२ (विंडोजची जुनी पश्चिम युरोपीय पद्धत) समजून वाचला की डोक्यावर उलटी रेघ असलेल्या "ए"ची रांग दिसते, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड ई० या बाइटने सुरू होतो. जॉर्जियनचा ई१ ने, म्हणून रेघ दुसऱ्या बाजूला झुकलेली. "अन" म्हणजे ई१ ८३ ९०, तीन बाइट. म्खेद्रुलीच्या सगळ्या अक्षरांचे पहिले दोन बाइट तेच, ई१ ८३, म्हणून कचऱ्यात प्रत्येक अक्षरामागे तो रेघवाला "ए" आणि लगेच शेपटीवाला लांब "एफ" दिसतो. म्तावरुली असेल तर ई१ बी२, तिथे "एफ"च्या जागी वर लिहिलेला बारीक दोन. म्हणजे मजकूर कचरा झालेला असला तरी नुसतं बघून सांगता येतं की मुळात म्खेद्रुली होती की आधीच कोणी अपरकेस करून ठेवलं होतं. लॉग वाचताना हे फार कामाला येतं.

असा कचरा उलटा फिरवून मूळ मजकूर मिळतो, पण नेहमी पूर्ण मिळत नाही, आणि कुठली अक्षरं हरवतात हे ठरलेलं आहे, नशिबाचा भाग नाही. विंडोज-१२५२ मध्ये ९० आणि ९डी या बाइटना अक्षरच नेमलेलं नाही. जॉर्जियनमध्ये ९० वर संपतो "अन" आणि ९डी वर "ओन", म्हणजे भाषेतले "अ" आणि "ओ" हे दोन स्वर. कडक कन्व्हर्टर तिथे प्रश्नचिन्ह टाकतो आणि माहिती गेली. "रे" हे अक्षर ए० वर संपतं, ए० म्हणजे न तुटणारी स्पेस, कोणी ट्रिम केलं किंवा स्पेस साफ केल्या की गेलं. "चार" नावाचं अक्षर एडी वर संपतं, तो अदृश्य हायफन, कॉपी-पेस्टमध्ये कधी गळतो कळतही नाही. म्हणून दुरुस्त केलेल्या मजकुरात "अ", "ओ", "र" नेमके गायब असतील तर दुरुस्तीच्या स्क्रिप्टला दोष देऊ नका, माहिती त्याच्या आधीच्या पायरीवर गेलीय, मूळ फाइल किंवा बॅकअप शोधा. मूळ फाइल असेल तर ती यूटीएफ-८ म्हणून परत इम्पोर्ट करा. एक्सेलवाल्यांसाठी, सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलेला पर्याय निवडा, त्यात फाइलच्या सुरुवातीला बॉम (यूटीएफ-८ असल्याची छोटी खूण) जातो आणि डबल क्लिक करून उघडली तरी ठीक दिसते.

नुसतीच प्रश्नचिन्हं असतील, रेघवाले "ए" नाहीत, तर मधे एखादा जुना, युनिकोड न कळणारा प्रोग्राम आहे. विंडोजमध्ये जॉर्जियनला स्वतःचं जुनं कोडपेज नाहीच, जसं मराठीलाही नाही, म्हणून सिस्टिम लोकेल जॉर्जियन करून काही मिळत नाही. रशियनला ही युक्ती चालते, तिबिलिसीतल्या सपोर्टवाल्यांकडून कोणीतरी ती सुचवतंच, वेळ घालवू नका.

जागेचा प्रश्नही आपल्यासारखाच. एक अक्षर तीन बाइट. ओरॅकलमध्ये व्हारचार२ ची लांबी डिफॉल्टला बाइटमध्ये मोजतात, ३० लिहिलंत तर जॉर्जियनची १० अक्षरं मावतात, आणि जॉर्जियन आडनावं "श्विली", "आद्झे" लावून सहज त्याच्यापुढे जातात. आणि मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ-८ वर खापर फोडू नका, जॉर्जियनची चारही रूपं त्यात मावतात. नॉर्मलायझेशनवरही नको, या अक्षरांची आपल्या नुक्त्यासारखी फोड होत नाही.

जुन्या फाइली असतील, नव्वदच्या दशकातल्या किंवा दोन हजारच्या सुरुवातीच्या, तर दोन जाती आहेत. पहिल्या जातीत आठ बिटांची एन्कोडिंग्ज, जॉर्जियन-अकॅडमी आणि जॉर्जियन-पीएस. आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही कळतात. दोन्हींत अक्षरं सी० पासून सुरू होतात, म्हणून एक दुसऱ्यासारखं वाचलं की मजकूर जवळजवळ बरोबर वाटतो आणि तिथेच लोक फसतात. अकॅडमीत आधी ३३ अक्षरं सलग आणि जुनी वापरात नसलेली अक्षरं शेवटी. पीएसमध्ये जुनी अक्षरं परंपरेच्या क्रमाने मधे मधे घातलीत, पहिलंच सातव्या अक्षरानंतर. परिणाम असा की "अन" पासून "झेन" पर्यंतची सात अक्षरं दोन्हीकडे बरोबर येतात आणि त्यापुढची सरकतात. शब्दांमध्ये "अ", "ब", "ग", "द", "ए", "व", "झ" ठीक आणि बाकी सगळं भलतंच असेल तर एन्कोडिंग अदलाबदल करून बघा. लिनक्सवर लोकेल नुसतं केए-जीई ठेवलं, मागे यूटीएफ-८ लिहिलं नाही, तर ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) पीएस धरते, हेही लक्षात ठेवा.

दुसरी जात आपल्या श्रीलिपी-कृतिदेवची सख्खी भावंडं, अकॅडनुस्ख, लिटनुस्ख असे फॉन्ट. फाइलीत साधी रोमन अक्षरं आणि वर जॉर्जियन आकारांचा फॉन्ट, फॉन्ट काढला की "साकार्त्वेलो" हे देशाचं नाव रोमन अक्षरांत दिसतं आणि मधलंच एक टी कॅपिटल असतं. ते कॅपिटल चुकून आलेलं नाही. या पद्धतीत छोटा टी म्हणजे "टार" आणि मोठा टी म्हणजे "तान", छोटा एस म्हणजे "सान", मोठा एस म्हणजे "शिन", छोटा झेड "झेन", मोठा "द्झिल". आजच्या जॉर्जियन क्वर्टी कीबोर्डवरही शिफ्टचा अर्थ हाच, मोठं अक्षर नाही तर दुसरं अक्षर. म्हणून अशी फाइल युनिकोडमध्ये आणताना आधी अक्षरांचा नकाशा लावा, आणि तो लागेपर्यंत त्या मजकुरावर लोअर, अपर, सर्चसाठीचं नॉर्मलायझेशन, ऑटोकरेक्ट काहीही चालू देऊ नका, वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करणारं वर्डचं सेटिंगसुद्धा बंद ठेवा, कारण त्या एका बदलाने "स"चा "श" होतो आणि नंतर कुठलाच प्रोग्राम तो ओळखू शकत नाही. इंग्रजी शब्द मधे असतील तर फॉन्टच्या नावावरून वेगळे काढा, नुसत्या मजकुरावरून ते जॉर्जियनपासून वेगळे करता येत नाहीत, म्हणून वर्डची फाइल साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह करण्याआधी कन्व्हर्जन करायचं, नंतर नाही.